गावाचं नाव, माणसाचं आडनाव: ‘कर’ मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आडनावाच्या शेवटी ‘कर’ असेल तर त्या नावाचं गाव असतंच का?

बहुतेक वेळा असतं. मर्ढेकरांचं मर्ढे सातारा जिल्ह्यात आहे, शिरवाडकरांचं शिरवाडे निफाड तालुक्यात, पर्रीकरांचं पर्रा गोव्यात बारदेशात. तेंडुलकर हे आडनाव कुडाळ तालुक्यातल्या तेंडोलीवरून आलं असं मानतात. गाव लहान असेल, नकाशावर मोठं करून बघावं लागेल, पण सापडतं.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्या, कारण पुढचे निम्मे प्रश्न तिच्यावरच सुटतात. हे आडनाव गावात राहणाऱ्याला मिळत नाही, गाव सोडणाऱ्याला मिळतं. मर्ढ्यात सगळेच मर्ढ्याचे, तिथे कुणाला मर्ढेकर म्हणून काय उपयोग? दुसऱ्या गावात बिऱ्हाड केलं की तिथले लोक विचारतात, ‘कुठले तुम्ही?’ आणि जे उत्तर मिळतं तेच पुढे चिकटतं. म्हणजे नाव ठेवणारे शेजारी असतात, घरचे नव्हेत.

म्हणूनच कवी बा. सी. मर्ढेकर जन्मले खानदेशातल्या फैजपूरला, वि. वा. शिरवाडकर पुण्यात आणि मनोहर पर्रीकर म्हापशात. तिघांच्याही नावात त्यांचं जन्मगाव नाही. नावात आहे ते आधीच्या कुणीतरी मागे ठेवलेलं गाव.

मग आमच्या मूळ गावी आमच्या आडनावाचं एकही घर नाही, हे बरोबर आहे?

अगदी बरोबर. गावी गेलेले लोक इथेच खट्टू होतात: ‘अहो, आमच्याच गावात आमचं कुणी नाही!’ तिथे तुमची भावकी असलीच तर ती जुन्या आडनावाने नांदत असेल. पलुस्करांचं उदाहरण घ्या. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 साली कुरुंदवाडला जन्मले. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ आणि गाव सांगली जिल्ह्यातलं पलूस. त्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पलूसचं नाव पंजाबात गेलं. पलूसमध्ये जाऊन ‘पलुस्कर कुठे राहतात?’ असं विचारण्यापेक्षा गाडगिळांची चौकशी करणं शहाणपणाचं.

तेव्हा मूळ गावी जाण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं विचाराच: ‘कर’ लागण्याआधी आपण कोण होतो? पुष्कळ घरांत हे उत्तर लग्नाच्या याद्यांत, मुंजीच्या पत्रिकांत किंवा एखाद्या आत्येच्या बोलण्यात शिल्लक असतं.

एकच आडनाव असलेले सगळे एकमेकांचे नातेवाईक का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. एकाच गावातून वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या धर्मांची घरं वेगवेगळ्या काळात बाहेर पडली आणि सगळ्यांना तेच नाव मिळालं. क्रिकेटमध्ये भारताकडून कसोटी खेळलेले रामनाथ पारकर आणि गुलाम पारकर, दोघेही सलामीचे फलंदाज, दोघेही मूळचे रत्नागिरीकडचे. एक हिंदू, एक कोकणी मुसलमान.

‘कर’वरून जात ओळखता येत नाही. माझ्या मते हा या आडनावांचा मोठाच गुण आहे. विसाव्या शतकात अनेक दलित आणि बहुजन कुटुंबांनी जातीची खूण असलेलं जुनं आडनाव सोडून गावावरून आडनाव लावलं ते याच कारणाने. आणि समोरच्याचं आडनाव ऐकून ‘म्हणजे तुम्ही कोण?’ असा दुसरा प्रश्न टाकणाऱ्यांची पंचाईत होते तीही यामुळेच. होऊ द्यावी.

बेने इस्राएली लोकांची आडनावंही अशीच कशी?

कारण तेही कोकणातल्या गावांतूनच बाहेर पडले. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, अशी या ज्यू समाजाची परंपरा सांगते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पुढे ही कुटुंबं मुंबईला आली आणि गावं नावात घेऊन आली: पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर, अष्टमीचे अष्टमकर, दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर.

यातल्या हाईम सॅम्युअल किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत लिहिला. तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवमध्ये. हिंदी सिनेमात नुसत्या ‘डेव्हिड’ या नावाने ओळखले जाणारे चरित्र अभिनेते होते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं रेवदंड्याशेजारचं चौल.

इस्राएल झाल्यावर यातली पुष्कळ कुटुंबं तिकडे गेली. तिथल्या दारांवर आजही रायगड जिल्ह्यातल्या गावांची नावं हिब्रू लिपीत दिसतात. ज्या गावांची नावं अलिबागच्या एस. टी. स्टँडवरच्या पाटीवर वाचायची, ती तिथे घराण्याचं नाव म्हणून आहेत. यातले पुष्कळ जण चांगलं मराठी बोलणारे आहेत हेही सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईत त्यांच्याबद्दल विचारणारे बहुतेक जण ते विसरलेले असतात.

गोव्याच्या गायिकांच्या नावात इतकी गावं का आहेत?

केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, अंजनीबाई मालपेकर. केरी, कुर्डी आणि मालपे ही तिन्ही गोव्यातली गावं. गोव्यातल्या कलावंत घराण्यांत वंश आईकडून चाले. बापाचं आडनाव लावण्याची सोयच समाजाने ठेवलेली नव्हती. मुंबईच्या बैठकीत, ग्रामोफोनच्या तबकडीवर नाव तर हवं, तेव्हा गाव पुढे आलं. मंदिरात सेवा करून घेणाऱ्या गावाने या बायकांना मानाची जागा दिली नाही, पण त्या गावाचं नाव जगात कुणी नेलं असेल तर ते त्यांनीच.

केसरबाईंचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. 1977 साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचे आवाज भरलेली सोनेरी तबकडी आहे. तिच्यावर भारताचं एकच गाणं आहे: केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. दुसरं यान 5 सप्टेंबरला उडालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. फोंडा तालुक्यातल्या केरीचा आवाज आता सूर्यमालेच्या कडेपलीकडे गेला आहे.

कुर्डीचं नशीब उलटं. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. लोकांचं पुनर्वसन वाडे आणि वाल्किणीला झालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात जोती, विहिरी, देवळाची जागा उघडी पडते. मग कुर्डीचे लोक तिथे जाऊन सोमेश्वराचा उत्सव करतात आणि पावसाला सुरुवात झाली की गाव परत बुडतं. मोगूबाई 1904 साली याच गावात जन्मल्या. लेक किशोरीताई लग्नानंतर आमोणकर झाल्या, ते आमोणे डिचोली तालुक्यात. आई आणि लेक मिळून गोव्याची दोन टोकं झाली.

हिराबाई बडोदेकर या यादीत बसत नाहीत, तरी त्यांचं नाव इथेच सांगतो. त्या जन्मल्या मिरजेला. आई ताराबाई बडोद्याच्या, वडील अब्दुल करीम खाँ. आईवडील वेगळे झाल्यावर मुलांची नावं बदलली आणि हिराबाईंच्या नावात बडोदं आलं. इथेही गाव आलं ते आईच्या बाजूने.

मंगेशकर नावामागचं गाव कोणतं? की ते देवाचं नाव आहे?

दोन्ही, आणि क्रम महत्त्वाचा आहे. मंगेशाचं मूळ स्थान साष्टीतलं कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी. पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या आणि देवळं पाडण्याच्या काळात, 1560 साली, भक्तांनी देव उचलून झुआरी नदीपलीकडे प्रियोळला आणला. पलीकडे तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. देवावरून त्या जागेचं नाव मंगेशी पडलं आणि त्या मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं. म्हणजे आधी देवाने गाव सोडलं, मग माणसाने.

दीनानाथ 1900 साली मंगेशीतच जन्मले. वडिलांचं घराणं देवळात अभिषेक करणारं, म्हणून अभिषेकी. त्याच मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी यांनी ते नाव ठेवलं. एका देवळाच्या आवारातून दोन आडनावं निघाली, एक कामाचं आणि एक जागेचं, आणि मराठी संगीताला दोन्ही पुरून उरली.

तसंच महालसेचं. वेर्ण्याची देवी म्हार्दोळला आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. वेर्णेकर आणि राईकर ही आडनावं आज कारवार, अंकोला, कुमठ्याकडे सराफी पेढ्यांवर दिसतात, कारण वेर्णे आणि राय इथले सोनार तेव्हा दक्षिणेला गेले. त्यांना कुळदेवाला जायचं असेल तर आडनावातलं गाव गाठून उपयोग नाही, देवही तिथून हललेला आहे.

आंबेडकर हे आडनाव कोणत्या गावाचं?

मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं. घराण्याचं आडनाव सकपाळ. गावावरून आंबडवेकर झालं आणि साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर आडनावाच्या शिक्षकांनी आपल्या या विद्यार्थ्याचं आडनाव सुटसुटीत करून आंबेडकर असं लिहिलं, अशी हकीकत सांगितली जाते. बाबासाहेबांचा जन्म 1891 साली महूचा. साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं 7 नोव्हेंबर 1900 रोजी. महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

हे आडनाव पुन्हा गावांवर उतरलं, ही त्याची पुढची गोष्ट. उत्तर प्रदेशात 1995 साली आंबेडकरनगर हा जिल्हाच झाला. खुद्द महूला डॉ. आंबेडकर नगर हे नाव मिळालं. कोकणातल्या एका डोंगराळ गावाचं नाव, थोडं बदलून, अवधातल्या जिल्ह्याला लागलं आहे आणि तिथे राहणाऱ्या बहुतेकांना आंबडवे ठाऊक असण्याचं कारण नाही.

असं आणखी कुणाचं झालं? लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं मावळंगे, घर अहमदाबादला. दिल्लीत मावळंकर हॉल आहे. आणि विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्के जागा हव्यात ही जी चर्चा दर काही वर्षांनी उसळते, तिलाही ‘मावळंकर नियम’ म्हणतात. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्यातल्या शिरोड्याचे. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या मुखाला घालायचा जो टाका त्यांनी 1955 मध्ये मांडला, तो जगभर ‘शिरोडकर टाका’ म्हणून शिकवला जातो.

शिरोडे तर वेंगुर्ल्याजवळही आहे. मग आमचं कोणतं?

इथे खरी डोकेदुखी आहे. शिरोडे दोन: एक सिंधुदुर्गात, जिथे 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि वि. स. खांडेकर शिक्षक होते. दुसरं गोव्यात फोंडा तालुक्यात. केरी तर गोव्यातच तीन: फोंड्यात, सत्तरीत आणि पेडण्यात तेरेखोलच्या तोंडाशी. खेड रत्नागिरीत आहे आणि पुणे जिल्ह्यातही. नांदगाव नाशिक जिल्ह्यात, कणकवलीजवळ, मुरुडजवळ आणि अमरावतीकडेही. वडगाव आणि पिंपळगाव तर मोजायच्या भानगडीत पडू नका.

अशा वेळी आडनाव एकटं काही सांगत नाही. त्याच्या जोडीला तीन गोष्टी लावा: कुळदैवत, घरातली बोली (आजीच्या तोंडची) आणि घराच्या सोयरिकी कोणत्या घाटाखाली होत त्याची आठवण. कुळदेवी गोव्यातली आणि घरात मालवणीचे शब्द, तर शोध सावंतवाडीच्या आसपास सुरू करा. कुळदैवत जेजुरीचा खंडोबा असेल तर कोकणात फिरून पाय दुखतील.

कागदपत्रांत कुठे शोधायचं?

पुढचा क्रम माझा स्वतःचा आहे, कुणी वेगळा सांगेल.

पहिल्यांदा आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मस्थळ असतं. त्यानंतर जमीन असेल तर सातबारा आणि त्यामागचे फेरफार. फेरफारात ‘मयत अमुक, वारस तमुक’ अशी नोंद सापडली की दोन पिढ्या एका झटक्यात जोडल्या जातात. तहसील कार्यालयात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात, गाव नमुना 14 किंवा लोकांच्या भाषेत कोतवाल बुक. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे ही बुकं घराघरांत माहीत झाली. जुनी पानं मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारं कुणीतरी बरोबर न्या.

चौथी जागा लोक विसरतात: त्र्यंबकेश्वर आणि नाशिकचे तीर्थपुरोहित. श्राद्धाला, नारायणनागबळीला आलेल्या यजमानांची नावं त्यांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. तिथे गेलात की आडनावाच्या जोडीने विचारतात ते मूळ गाव, कारण चोपड्या गावांप्रमाणे लावलेल्या असतात. आपले पणजोबा कधी येऊन गेले, बरोबर कोण होतं, हे त्यांच्याच अक्षरातल्या सहीसकट बघायला मिळू शकतं.

चित्पावन घराण्यांचे छापील कुलवृत्तांत असतात, त्यात गावाचं कोडं बहुधा सुटलेलं असतं. गोव्याचे असाल तर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग शोधा: पेडण्याचं पेर्नेम, केरीचं क्वेरिम. नाहीतर गाव समोर असून दिसणार नाही.

सगळ्याच ‘कर’मागे गाव असतं असं समजायचं का?

नको. भांडारकर घ्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणचे, घराण्याचं मूळ आडनाव पत्की. भांडार म्हणजे खजिना, आणि त्या कामावरून आलेलं हे नाव आहे असं सांगतात. भांडार नावाचं गाव शोधू नये. सावकार, कलाकार यांच्यातला ‘कार’ तर वेगळाच, तो करणाऱ्याचा. काही आडनावांच्या मागचं गाव उजाड झालं असेल, दुसऱ्या गावात मिसळलं असेल किंवा ती वाडीच असेल, महसुली गाव नसेल. वाडीचं नाव जनगणनेच्या यादीत मिळत नाही. ते पोस्टमनला विचारावं.

होळकर, निंबाळकर ही राजघराण्यांची नावंही गावाचीच?

हो. मल्हाररावांचं होळ हे नीरा खोऱ्यातलं, जेजुरीकडचं गाव, आणि राज्य झालं इंदूरला. निंबाळकरांचं निंबळक फलटणजवळ.

सरदार घराण्यांत ‘कर’चा आणखी एक उपयोग होता, एकाच आडनावाची घराणी वेगळी सांगण्याचा. घोरपडे पुष्कळ, म्हणून मुधोळकर घोरपडे, इचलकरंजीकर घोरपडे. पटवर्धन पुष्कळ; म्हणून जमखिंडीकर, मिरजकर, सांगलीकर. इथे आडनाव जागेवरच राहिलं आणि गाव त्याच्या पुढे येऊन बसलं.

पुणेकर म्हणजे पुण्यात राहणारा की पुणेकर आडनावाचा?

वर्तमानपत्रात पुण्यात राहणारा. आडनावाचा पुणेकर बहुधा पुण्याबाहेर भेटेल. कन्नड लेखक शंकर मोकाशी पुणेकर जन्मले धारवाडला. त्यांच्या ‘अवधेश्वरी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्यात राहून पुणेकर असण्याचा अभिमान बाळगणाऱ्या लाखो लोकांपैकी फारच थोड्यांचं आडनाव पुणेकर आहे, यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

आमच्यासारखेच गावावरून आडनाव लावणारे बाकी कुठे आहेत?

चित्रापूर सारस्वत नुसतं गावाचंच नाव लावतात, शेपूट न जोडता: पदुकोण, बेनेगल, हट्टंगडी, कर्नाड. गिरीश कर्नाड जन्मले माथेरानला. त्यांचं कर्नाड मंगळूरजवळ मुल्कीला. गंगूबाई हनगल यांचं हनगलही तसंच. पारशी आणि गुजराती लोक ‘वाला’ लावतात. महाराष्ट्रातच ‘कर’ऐवजी ‘ए’ लावूनही भागवतात, कोल्हापुरे हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं नाव.

सरकारने गावाचं नाव बदललं तर आडनाव बदलतं का?

नाही. खेडचं राजगुरुनगर होऊन किती वर्षं झाली, तरी खेडकर खेडकरच आहेत. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नगरकरांना त्याने काही फरक पडला नाही. उलट त्यांची सोयच झाली म्हणायची, दोन्ही नावांत ‘नगर’ आहेच.

आम्हाला ‘कर’ काढून जुनं आडनाव घ्यायचं आहे. किंवा उलट.

शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो. राजपत्राची प्रत हातात आली की आधार, पॅन, बँक, पासपोर्ट या क्रमाने बदल करत जा. मुलांचे शाळेचे दाखले मात्र दहावीच्या आत उरकून घ्या. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव छापलं गेलं की पुढचे हेलपाटे वाढतात. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच स्पेलिंग ठरवा. पाटणकर आणि पटणकर इंग्रजीत एकसारखेच दिसतात, पण एकाच घरात भावाने एक ए आणि बहिणीने दोन ए लिहिले, की वारसदाखल्याच्या वेळी वकील ते नातं सिद्ध करायला सांगतो.